पक्कडसाहेबांच्या पाठीखालची हवा

सर्व्हिसवाल्याने पंपाची पेटी उघडली, आत टॉर्च मारला आणि नाडी न सापडलेल्या डॉक्टरसारखा हात मागे घेतला.

"बोर्ड गेलाय, मॅडम."

"मग बोर्ड बदला."

"बोर्ड वेगळा येत नाही. पूर्ण युनिट येतं."

"मग युनिट आणा."

"हे मॉडेल बंद झालं. नव्याची नळी ह्या गादीला बसत नाही. गादीसकट घ्यावं लागेल. ऑर्डर टाकतो, तीन आठवडे धरून चाला."

"आणि तीन आठवडे ते कशावर झोपतील?"

सर्व्हिसवाल्याने आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. खाटेवर तिचे वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. "साधी गादी असेलच की घरात," तो म्हणाला.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. साध्या गादीवर झोपता आलं असतं तर ही हवेची गादी आणली असती कशाला? खुब्याचं हाड मोडल्यापासून वडिलांना कूस बदलता येत नव्हती. माकडहाडावर नाण्याएवढा बेडसोर झाला होता. ही गादी म्हणजे हवेच्या नळकांड्यांच्या दोन रांगा. दर दहा मिनिटांनी एका रांगेतली हवा उतरायची, दुसरीत चढायची, आणि अंगाचा भार कुठल्याही एका जागी टिकून राहायचा नाही. जखम भरत आली होती. परवाच नर्स म्हणाली होती, "आता हिच्यावर दाब पडू देऊ नका. हाडापर्यंत गेली तर मी काही करू शकणार नाही. मग ऑपरेशन टेबल, आणि ह्या वयात मी तुम्हाला टेबल सुचवणार नाही."

तिने पेटीत डोकावून पाहिलं. बोर्डावर डांबरासारखा काळा थर ओतलेला होता.

"हे काय ओतलंय?"

"ओलावा लागू नये म्हणून."

"आणि चिपवरचा नंबर खरवडून काढलाय, तोही ओलावा लागू नये म्हणून?"

सर्व्हिसवाला हसला. आपण पगारी नोकर आहोत हे समोरच्याने समजून घ्यावं, तसलं हसू. "मॅडम, कंपनीचं असतं ते. लोक घरी उघडून उद्योग करतात."

"उद्योग," ती म्हणाली. "बरं. पेटी इथेच ठेवून जा."

"वॉरंटी जाईल."

"कशाची? बंद पडलेल्या मॉडेलची?"

तो गेला. तिने दार लावलं ते जरा जोरातच. आतून वडिलांचा आवाज आला, "दाराचा काय दोष?"

ती कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. प्रयोगांसाठी लागणारे छोटे सर्किट बोर्ड बाहेरून मागवले तर सत्र संपल्यावर यायचे, म्हणून कित्येक वर्षं ती ते घरीच करत होती. त्यामुळे पेटी टेबलावर घेताना तिला भीती वाटली नाही. राग मात्र आला, आणि तो तिने बाजूला ठेवला नाही. काही माणसं रागात पसारा घालतात. तिचा हात रागात जास्त नेटका चालायचा.

बोर्डाची तांब्याची बाजू मोकळी होती. काळा थर वरच्या बाजूला, सुट्या भागांवर. तिने बोर्ड उलटा करून फोटो काढला, संगणकावर मोठा केला आणि एकेक रेघ कुठून कुठे जाते ते उतरवून घेतलं. मधोमध एक जाड काळी रेघ होती. तिथेच बोर्ड जळला असणार, सगळी काजळी तिथे जमली होती. नंबर खरवडलेल्या चिपची नक्कल करायची गरजच नव्हती. दहा मिनिटं मोजायला कुठलीही साधी चिप पुरते. बाकी काम एवढंच, की त्या चिपच्या पाच व्होल्टच्या इशाऱ्यावर घरातल्या विजेवर चालणारा पंप आणि झडप चालू-बंद व्हावी. पाच व्होल्टच्या बाजूची एक वायर बाहेर येऊन खाटेच्या कठड्याला अडकवलेल्या बटणात जायची. गादी कडक-मऊ करायचं बटण. ते वडिलांच्या हाताशी असायचं.

"हे काय चाललंय?" वडिलांनी खाटेवरून विचारलं.

"बोर्ड करतेय."

"कसला?"

"तुमच्या गादीचा."

वडिलांनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी?"

त्या एका शब्दात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं होती. ते वीज निरीक्षक होते. घरोघर, कारखान्यांत, दवाखान्यांत जाऊन वायरिंग तपासायचं आणि धोका दिसला की जोडणी तोडायची, हे त्यांचं काम. खिशात कायम पक्कड. कुणी घरी बनवलेला हीटर, कुणी जोडलेली इस्त्री, कुणी पंख्याला लावलेला स्वतःच्या हातचा रेग्युलेटर, काहीही दिसलं की आधी पक्कड चालायची, मग तोंड. सगळं गाव त्यांना पक्कडसाहेब म्हणायचं. तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतं पक्कड.

"हो, घरी," ती म्हणाली. "कंपनीत करून मिळाला असता तर कंपनीत केला असता."

पहिला बोर्ड वाया गेला. तिने सर्किटची आकृती गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने छापली, तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर तो कागद पालथा घातला आणि वरून इस्त्री दाबून धरली. उष्णतेने शाई तांब्याला चिकटते. मग पाटी पाण्यात भिजवून बोटाच्या पेराने कागद चोळून काढायचा. खाली काळ्या रेघा उरतात.

दिवसा वडिलांकडे बघणाऱ्या मावशी दारात उभं राहून पाहत होत्या. "ताई, इस्त्रीला काळं लागलंय बरं का. उद्या साहेबांच्या चादरीवर उमटेल."

"पुसते."

"आणि ते तांबडं पाणी?"

"फेरिक क्लोराइड. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं ते खातं."

"माझ्या पहिल्या नवऱ्यासारखं म्हणायचं," मावशी म्हणाल्या. "झाकून ठेवलेलं सोडून सगळं खाल्लं."

ती हसली नाही. एरवी हसली असती. गॅलरीत प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ते गंजाच्या रंगाचं पाणी हेलकावत ती उभी होती, आणि डोक्यात सर्व्हिसवाल्याचा तो एक शब्द फिरत होता. उद्योग.

पाटी छान उतरली. भोकं पाडली. चिप बसवायला घेतली तर पाय भोकांत जाईनात. पहिल्या दोन पायांना भोक सापडायचं, शेवटचे दोन बाहेर राहायचे. तिने मोजपट्टी लावली. सगळी आकृती किंचित लहान छापली गेली होती. संगणकाने स्वतःच्या अकलेने 'पानात बसवा' ह्या चौकटीत खूण केली होती, आणि प्रयोगशाळेत मुलांना दर सत्रात 'आधी मोजा' म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या बाईने छापलेला कागद मोजला नव्हता.

"मूर्ख," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण?" वडिलांनी विचारलं.

"मी!"

"मग ठीक आहे," वडील म्हणाले.

ह्या सगळ्या वेळात ती आणि रात्रीही थांबलेल्या मावशी दर दोन तासांनी वडिलांना कुशीवर वळवत होत्या. एकीने खांदा धरायचा, दुसरीने कंबर. वडील दात आवळून घ्यायचे आणि हुं की चूं करायचे नाहीत. त्यांच्या त्या न ओरडण्याचाही तिला राग यायचा. ओरडले असते तर निदान कळलं असतं.

दुसरा बोर्ड नीट बसला. तिने भाग सोल्डर केले, दिवा लावून तपासलं, पेटीत बसवलं, झाकण लावलं. प्लग लावताच पंप घुरघुरला, आणि थोड्या वेळाने गादीची एक रांग फुगून वडिलांना बोटभर वर उचलून गेली. मावशींनी टाळी वाजवली.

वडील छताकडे पाहत होते. "कोणी तपासला?"

"मी."

"करणाऱ्याने तपासलेला तपासलेला नसतो."

"मग कुणाला बोलावू? कंपनीला? त्यांनी तुम्हाला तीन आठवडे साध्या गादीवर कुजत पडायला सांगितलंय."

"कुजायला वेळ लागतो. शॉकला लागत नाही."

"बाबा, मी तीस वर्षं विजेची प्रात्यक्षिकं घेतेय."

"मी चाळीस वर्षं मेलेली माणसं पाहिलीत. सगळ्यांच्या घरात कुणीतरी हुशार होतं."

तेवढ्यात दादाचा फोन आला. मोठा भाऊ, दूरच्या शहरात, रोज संध्याकाळी फोनवरून काळजी करणारा. तिने फोन वडिलांच्या कानाशी धरला. वडिलांनी पहिलं वाक्य टाकलं, "तुझ्या बहिणीने मला प्रयोगाला बसवलंय." मग दादा तिच्याशी बोलला. "अगं बाई, कशाला नसता व्याप? मी नवीन गादी पाठवतो ना. पैशाचा प्रश्न आहे का?"

"पैशाचा प्रश्न कुणी काढलाय? तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तू येऊन तीन आठवडे त्यांना कुशीवर वळवतोस का?"

"चिडू नकोस."

"का नको?"

गादीची दुसरी रांग फुगली, पहिली उतरली. बोर्ड घड्याळासारखा चालत होता.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून घरी आली तेव्हा दारातच तिला चुकल्यासारखं वाटलं. घर शांत होतं. पंपाची घुरघुर नव्हती. ती चपला न काढता आत गेली. गादी पातळ, चपटी झाली होती आणि वडील खाटेच्या फळीवर टेकले होते. प्लग भिंतीवरून काढून, वायरची नीट गुंडाळी करून खुर्चीवर ठेवला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मावशी दाराशी पदर पिळत उभ्या होत्या. "तुम्ही गेलात त्यानंतर थोड्या वेळाने. साहेब म्हणाले काढ. मी म्हटलं, ताई ओरडतील. तर म्हणाले, ती ओरडेल, हा पेटेल."

"आणि कुशीवर?"

"एकटीने होत नाही हो, ताई. दोनदा करून बघितलं. शेजारी कुणी नव्हतं."

आधी दोघींनी मिळून त्यांना वळवलं. तिने पट्टी उचलून पाहिलं. भरत आलेल्या जखमेच्या कडेला नवा, जांभळट काळा डाग उठला होता. तिने पट्टी पुन्हा बसवली, हात धुतले, नखांतली शाई निघेना म्हणून पुन्हा धुतले. मग खाटेपाशी आली, आणि अख्खा दिवस पाच व्होल्टवर ठेवलेला आवाज एकदम सुटला.

"तुम्हाला मरायचं असेल तर स्पष्ट सांगा, मी कॉलेजला जाणं बंद करते आणि समोर बसून बघते! मी तुमची कातडी वाचवायला दिवसरात्र इस्त्री घेऊन बसते, आणि तुम्ही मोलकरणीला सांगून प्लग काढता? माझ्या पाठीमागे? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरात हेच केलंत, आता पक्कड उचलता येत नाही तर मावशींचा हात वापरता!"

"आवाज खाली," वडील म्हणाले.

"नाही करणार! हे पहिल्यांदा नाही. माझा अँप्लिफायर आठवतो?"

मावशींनी हळूच काढता पाय घेतला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक अँप्लिफायर बसवला होता. आयुष्यातला पहिला स्वतः कोरलेला बोर्ड, रंगाच्या ब्रशने रेघा काढलेला. आई स्वयंपाक करताना त्यावर गाणी ऐकायची. एका सकाळी तिने पाहिलं तर वायर डब्यापाशी कापलेली, आणि बोर्डाच्या आतल्या वायरीही एकेक करून कापलेल्या. पुन्हा जोडता येऊ नयेत इतक्या आखूड. वडील ऑफिसला निघून गेले होते. संध्याकाळी त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तिने विचारलं नाही. त्या घरात पक्कडसाहेबांना कुणी कारण विचारत नसे.

"आठवतो," वडील म्हणाले.

"का कापलात?"

"डब्याला करंट होता. प्लग उलटा लागला की पूर्ण डबा जिवंत. तुझी आई ओल्या हाताने पुसायची."

तिने मनातल्या मनात तो बोर्ड पुन्हा डोळ्यांसमोर आणला. ट्रान्सफॉर्मर नव्हता. एक वायर सरळ पत्र्याला. डबा खरंच जिवंत होता, आणि ते कळताच राग पहिल्यापेक्षा मोठा होऊन वर आला.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त करून पुन्हा लावला असतास."

"हो! दुरुस्त करून पुन्हा लावला असता! तेच करायचं असतं, बाबा! चूक झाली की ती दाखवायची असते! मी तुमची मुलगी होते, कुणी चोरून वीज घेणारा नव्हते. मला वाटत राहिलं की तुम्हाला माझ्या हातचं काहीही नको आहे. आजपर्यंत तेच वाटतंय. आज तर खात्रीच झाली."

वडील भिंतीकडे पाहत होते. कुशीवर वळवल्यामुळे त्यांना दुसरीकडे पाहता येत नव्हतं. श्वास जड चालला होता. ते म्हणाले, "बोर्ड आण."

"कापायला?"

"बघायला. आणि भिंग आण. माझ्या जुन्या बॅगेत आहे."

तिला आणायचा नव्हता. तरी आणला, पण हातात दिला नाही. त्यांच्या छातीपाशी, चादरीवर ठेवला, जरा आपटूनच. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि बोर्ड तिरका करून तांब्याच्या बाजूवर नख फिरवत गेले. नख एका जागी थांबलं.

"ही बाजू कसली?"

"घरातली वीज. पंपाकडे जाणारी."

"आणि ही?"

"पाच व्होल्ट. बटणाकडे."

"मध्ये अंतर किती?"

"दोन मिलिमीटर. मूळ बोर्डावरून उतरवलंय."

"आणि ह्या दोन मिलिमीटरमध्ये ही साय कसली आहे?"

तिने भिंग घेतलं. तांबं पूर्ण खाल्लं गेलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात एक पुसट, गुलाबी साय उरली होती, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. एका बाजूला घरची पूर्ण वीज, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या हातातलं बटण.

"मी रात्री बटण धरून झोपतो," वडील म्हणाले. "हात घामेजलेला असतो. मावशी अंगाला पावडर लावते, ती हवेत उडते आणि पंप ती ओढून घेतो. खाली लघवीची पिशवी लटकलेली. दोन मिलिमीटर! इथे सहा पाहिजेत. आणि सहाही पुरणार नाहीत, मध्ये फट पाहिजे. आरपार कापलेली. साय फट ओलांडत नाही."

"मूळ बोर्डाला फट नव्हती."

"असणार."

"नव्हती, बाबा. मी एकेक रेघ पाहिलीय."

"माणूस रेघा बघतो. जिथे काही नाही ते बघत नाही. आण तो."

तिने मूळ बोर्ड आणला. केस वाळवायच्या यंत्राने काळा थर तापवून मऊ केला आणि जुन्या सुरीने मधल्या काळ्या रेघेत टोक घातलं. जळल्याची खूण समजून तिने सोडून दिलेली ती रेघ. टोक आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. ती फट होती. कंपनीने वरून ओतलेला थर तिच्यात उतरून गच्च बसला होता आणि वरून काजळीने तो झाकला होता. जिने माणूस वाचायचा तीच जागा त्यांनी लपवली होती. लपवायची म्हणून नाही, सगळंच लपवताना तीही लपली.

ती त्या सुरीच्या टोकाकडे पाहत राहिली. आता राग कुणावर काढायचा हे तिला ठरवता येईना. कंपनीवर होताच. स्वतःवर होता, भरपूर. आणि खाटेवरच्या ह्या माणसावर, जो बरोबर होता आणि तरी चुकला होता. त्याच्या पाठीवरचा तो नवा काळा डाग कुठल्या मिलिमीटरमध्ये मोजायचा?

"हे मला काल सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"काल तू मला दाखवला कुठे? पेटीत घातलास, झाकण लावलंस."

हे खरं होतं. तिने दाखवला नव्हता. बघतील आणि नाक मुरडतील म्हणून आधी चालू करून दाखवायचा होता.

"तुम्ही मागितलाही नाहीत."

"नाही मागितला," वडील म्हणाले.

तिने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. नर्सला फोन केला. नर्स येऊन डाग पाहून गेली आणि जाताना जिन्यातून म्हणाली, "अजून वरवरचा आहे. पण हा शेवटचा इशारा समजा."

तिसऱ्या बोर्डात तिने दोन्ही बाजू लांब नेल्या. ह्या वेळी छापलेला कागद मोजला, दोनदा. पाटी ट्रेमध्ये घालून हेलकावत राहिली आणि दर थोड्या वेळाने चिमट्याने उचलून उजेडाकडे धरत राहिली. मधला पट्टा पिवळट, पारदर्शक दिसेपर्यंत बाहेर काढली नाही. मग बारीक करवतीने मधोमध फट कापली. हाताने, सावकाश. करवतीचं पातं दोनदा तुटलं, आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मावशी म्हणाल्या, "ताई, हे शब्द कॉलेजात शिकवतात का?"

"नाही. हे मी घरी बनवलेत."

बोर्ड तयार झाल्यावर तिने तो खाटेवर नेला. ह्या वेळी हातात दिला. वडिलांनी भिंग लावलं. नख दोन्ही बाजूंनी फिरलं, फटीपाशी थांबलं, फटीत आडवं घालून पाहिलं.

"मेगर काढ."

जुन्या बॅगेत तळाशी तो होता: विटेएवढी काळी पेटी, एका बाजूला फिरवायचं हँडल, वर काटा. हँडल फिरवलं की आत विजेचा मोठा दाब तयार होतो आणि दोन वायरींमध्ये वीज कुठून झिरपते का ते काटा सांगतो. ह्याच पेटीने त्यांनी गावातली अर्धी वायरिंग नापास केली होती. तिने एक चिमटा घरच्या विजेच्या बाजूला लावला, दुसरा बटणाच्या. वडिलांनी हँडल धरलं आणि फिरवायला लागले. दोन फेऱ्यांनंतर वेग पडला, काटा हेलकावला आणि मध्येच लोंबकळला.

"सोडा, मी फिरवते."

"करणाऱ्याने तपासायचं नसतं."

"तपासणारे तुम्हीच. मी नुसतं हँडल आहे असं समजा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग हँडल सोडलं, पण पेटी स्वतःच्या छातीशी धरून ठेवली. ती फिरवू लागली. सगळा राग त्या हँडलमध्ये गेला. पेटी चादरीवर हादरत होती.

"सावकाश. एकसारखं. काटा मोडायचा नाहीये."

तिने वेग सांभाळला. काटा सरकत टोकाला गेला, अनंताच्या त्या आडव्या आठाच्या खुणेवर, आणि तिथून हलला नाही. वडील बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी तिला आणखी फिरवायला लावलं. काटा तिथेच.

"बसव," ते म्हणाले.

"चांगला झालाय, असं म्हणायला काही जातं का?"

"पास झालाय. चांगला वगैरे मला कळत नाही."

तिने बोर्ड पेटीत बसवला. झाकण लावण्याआधी पेटी त्यांच्यासमोर धरली, आणि त्यांनी आत पाहून मान हलवल्यावरच स्क्रू पिळले. मग प्लग हातात घेऊन भिंतीपाशी थांबली.

"आता पुन्हा कुणाला सांगून हा काढायचा नाही."

"धोका दिसला तर काढणार."

"बाबा!"

"काढणारच. जन्मभर तेच केलंय."

"मग आधी मला सांगायचं."

"आधी काढायचा असतो. करंट कुणाच्या बोलण्यासाठी थांबत नाही." त्यांनी तिच्या हातातल्या प्लगकडे पाहिलं. "पण मग सांगेन. लगेच. काय चुकलंय ते."

"मावशींना फोन लावायला सांगून. मी वर्गात असले तरी."

"वर्गात असलीस तरी."

"आणि त्या डब्याचं तेव्हा सांगायला हवं होतं."

वडिलांनी उत्तर दिलं नाही. तिने वाट पाहिली. पाहता पाहता तिला कळलं की ते उत्तर येणार नाही आणि तिचा राग त्यासाठी जन्मभर उभा राहू शकतो. तिने प्लग लावला. पंप घुरघुरू लागला.

"मला त्या कुशीवर कर," वडील म्हणाले. "हा खांदा भरून आलाय."

"भार गादी हलवेल," ती म्हणाली. "दहा मिनिटं थांबा."

आणि ती गॅलरीत गेली. ट्रेमधलं तांबं खाऊन हिरवट झालेलं पाणी मोरीत ओतून चालत नाही. ते बरणीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवायचं असतं. तिने बरणीचं झाकण इतकं घट्ट पिळलं की मावशींना ते नंतर उघडता आलं नाही.